मॉडेल रेल्वेचा लेआउट: आखणी आणि उभारणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात छोटी रेल्वे उभी करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. जागा एखादी भिंत किंवा अर्धी खोली, आणि मनात आपल्याकडची एखादी गाडी. उत्तरं तेच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कशाने करू? आधी रूळ घेऊ की इंजिन?

दोन्ही थांबवा. आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: रोज संध्याकाळी अर्धा तास मिळाला, तर त्या गाडीसोबत मी काय करणार? काहींना खुर्चीत बसून गाडी धावताना पाहायची असते. त्यांना रूळ गोल फिरून परत यायलाच हवा. काहींना डबे जोडायचे-सोडायचे असतात, मालधक्क्यावर वाघीण लावायची असते. त्यांना गोल लागतच नाही, एका भिंतीची फळी पुरते. हा निर्णय झाला की निम्मी आखणी झाली.

मग स्थळ आणि काळ ठरवा. ‘भारतीय रेल्वे’ हे स्थळ नव्हे. ‘कर्जत, पावसाळा, १९८० च्या आसपास’ हे स्थळ. तेवढं ठरलं की कोणतं इंजिन घ्यायचं, सिग्नल कसला, फलाटाचं छप्पर कसलं, हे आपोआप ठरत जातं आणि नको त्या खरेदीवरचा पैसा वाचतो. मी पाहिलेले अर्धवट सोडलेले लेआउट जवळजवळ सगळे एकाच कारणाने सुटले होते. रूळ फार होते आणि काय दाखवायचं ते ठरलेलं नव्हतं.

२. एचओ, ओओ, एन... यातला कोणता स्केल घेऊ?

स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान आहे ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. एचओ १:८७ आहे, रूळ १६.५ मिमी. ब्रिटनमध्ये चालणारा ओओ १:७६, पण रूळ तोच १६.५ मिमी, म्हणून ओओच्या गाड्या एचओच्या रुळावर धावतात. एन १:१६० (ब्रिटिश एन १:१४८), रूळ ९ मिमी. टीटी १:१२०, रूळ १२ मिमी.

माझं मत स्पष्ट आहे. लांब गाडी आणि निसर्ग हवा असेल तर एन, शंटिंग (डबे जोडणं-सोडणं) आणि बारकावे हवे असतील तर एचओ. पन्नाशीनंतर हा छंद सुरू करणाऱ्यांनी एनचे डबे आधी एकदा स्वतःच्या हाताने रुळावर ठेवून पाहावेत. डोळे आणि बोटं काय म्हणतात ते ऐका.

३. आपल्या ब्रॉडगेजसाठी एचओचा रूळ बरोबर बसतो का?

काटेकोर पाहिलं तर नाही. १६.५ मिमी हा रूळ परदेशातल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे एचओमध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवं. जवळजवळ ३ मिमीची तूट राहते. समोरून पाहिलं की इंजिन रुळावर जरा अरुंद उभं असल्यासारखं दिसतं, बाजूने पाहिलं तर कळतही नाही. १९.३ मिमीचा रूळ स्वतः घडवायचा म्हणजे प्रत्येक पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा) आणि प्रत्येक चाकाचा आस स्वतः करायचा. पहिल्या लेआउटला हे करू नका.

नॅरोगेजवाल्यांचं मात्र चांगलं जमतं. एचओमध्ये ९ मिमीचा रूळ घेतला तर तो खऱ्या मापात ७८० मिमीच्या आसपास जातो. बार्शी लाइट रेल्वे आणि यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला यांचं गेज ७६२ मिमी होतं. इतका जवळचा मेळ ब्रॉडगेजवाल्यांच्या नशिबी नाही. माथेरानचं प्रश्न ८ मध्ये.

४. दहा बाय दहाची खोली आहे. मधोमध आठ बाय चारचा प्लाय टाकू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण दुकानात प्लाय त्याच मापात मिळतो. हिशेब करून पाहा. चार फूट म्हणजे १२२ सेमी. कडेला ५-५ सेमी सोडले की त्यात जास्तीत जास्त ५६ सेमी त्रिज्येचं वळण बसतं. लांब डब्यांना ते अपुरं आहे (प्रश्न ५). शिवाय हात साधारण ७५ सेमीपर्यंतच पोचतो, म्हणून टेबलाच्या चारही बाजूंनी वाट सोडावी लागते. साठ-साठ सेमीची वाट धरली, तर टेबलासकट जागा २४२ बाय ३६४ सेमी होते. दहा फूट म्हणजे ३०५ सेमी. बसतच नाही.

तोच प्लाय लांबीत कापून ४०-४५ सेमीच्या फळ्या करा आणि भिंतींना लावा. मध्ये तुम्ही उभे राहाल, वळणं खोलीच्या कोपऱ्यांत जातील आणि त्रिज्या सहज ८०-९० सेमी मिळेल. दारासमोरचा तुकडा उचलता येईल असा करा. उंची छातीच्या जरा खाली ठेवा, म्हणजे गाडी डोळ्यांच्या पातळीजवळून जाते आणि खाली कपाटंही मावतात. घरातल्यांची संमती मिळायला या कपाटांची फार मदत होते.

५. वळणाची त्रिज्या कमीत कमी किती ठेवू?

सर्वांत लांब डबा मोजा. त्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या ठेवली तर गाडी बिनघोर धावते. दुपटीत कशीबशी जाते. चौपटीत बघायलाही छान दिसते. त्रिज्या रुळाच्या मध्यरेषेपर्यंत मोजायची.

एलएचबी (नव्या धाटणीचा लांब प्रवासी डबा) खऱ्यात २३.५ मीटर, एचओमध्ये २७ सेमी. तिप्पट म्हणजे ८१ सेमी. जुना आयसीएफ डबा एचओमध्ये साडेचोवीस सेमी, त्याला ७३-७४ सेमी. एनमध्ये एलएचबी डबा १४.७ सेमीचा होतो आणि ४४ सेमी पुरतात. दोन आसांच्या वाघिणी आणि शंटिंगचं लहान इंजिन असेल, तर एचओमध्ये ४०-४५ सेमीवरही काम निभावतं. संचांसोबत येणारे सर्वांत आवळ वळणाचे रूळ (हॉर्नबीचा पहिला ३७१ मिमी, मार्कलिनचा ३६०) अशा लहान गाड्यांसाठीच आहेत.

कागदावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. जमिनीवर खिळ्याऐवजी कुणाला तरी सुतळीचं टोक धरायला लावा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि खरं वळण काढा. त्यावर डब्याच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवत जा. पंधरा मिनिटांत जे कळतं ते महिनाभर संगणकावर रेघा मारून कळत नाही.

६. नकाशात सगळं बसलं होतं, प्रत्यक्षात रूळ पुरेना. असं का होतं?

पॉइंट लहान काढले जातात म्हणून. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीचा मध्यम त्रिज्येचा एचओ/ओओ पॉइंट सुमारे २२ सेमी लांब असतो, आणि हाताने काढताना आपण तो दहाचाच काढतो. पेको आपल्या पॉइंटचे पूर्ण मापाचे कागदी साचे संकेतस्थळावर मोफत देते. ते छापा, कापा आणि फळीवर चिकटपट्टीने लावून पाहा.

उदाहरण घ्या. आयसीएफचे सहा डबे आणि एक इंजिन उभं राहील असा लूप (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ) एचओमध्ये हवा आहे. डबे १४७ सेमी, इंजिन २२, दोन्ही टोकांचे पॉइंट ४४. दोन मीटर १३ सेमी इथेच गेले, आणि शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीला धक्का लागू नये म्हणून सोडायची जागा वेगळीच.

एलएचबीच्या पूर्ण २४ डब्यांची गाडी करायची तर एचओमध्ये नुसते डबेच साडेसहा मीटर होतात. तिथे डबे कमी करण्याला पर्याय नाही. सहा-सात डबे असले आणि टोकं एकाच वेळी नजरेत येणार नाहीत अशी मध्ये झाडं, पूल, बोगदा असला, तर मन उरलेले डबे स्वतःच जोडून घेतं.

७. घाट दाखवायचा आहे. चढ किती द्यावा?

सपाट रुळावर दहा डबे ओढणारं इंजिन चढावर चार-पाचावरच दमतं, म्हणून साधारण ५० ला १ चा चढ (५० सेमी लांबीत १ सेमी उंची) सुखाचा. ३३ ला १ ही वरची मर्यादा धरा. वळणावर घर्षण वाढतं, म्हणून तिथे चढ आणखी सौम्य हवा. सपाटीवरून चढाला एकदम सुरुवात करू नका. पहिल्या ३०-४० सेमीत हळूहळू उचला, नाहीतर कपलिंग सुटतं किंवा इंजिनाचं पुढचं चाक हवेत राहतं.

आपलं भाग्य असं की भोर घाटाचा खरा चढ ३७ ला १ आहे, थळ घाटाचाही तोच. म्हणजे मॉडेलला झेपणाऱ्या मर्यादेतच तो बसतो आणि आकडा न बदलता घेता येतो. एचओमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला ८ सेमी उंची लागते. ३७ ला १ ने ती गाठायला जवळजवळ ३ मीटर रूळ हवा, आणि उतरायचं असेल तर आणखी तेवढाच.

इतकी लांबी नसेल तर घाटाच्या इतिहासातच उत्तर आहे. १८६३ मध्ये भोर घाट सुरू झाला तेव्हा वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका दिशेने चढून तिथे थांबायची आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडलं. ही युक्ती फळीवर सुंदर बसते. दोन मीटर चढलात की साडेपाच सेमी उंची, दिशा बदलून परत दोन मीटर की एकूण अकरा. फक्त टोकाचा रूळ पूर्ण गाडी मावेल इतका लांब आणि सपाट ठेवा. आणि कर्जतला मागून बँकर (गाडीला ढकलणारं जादा इंजिन) लावून लोणावळ्याला सोडण्याचा खेळ तर पाहुण्यांनाही उभ्या उभ्या धरून ठेवतो.

८. माथेरानची गाडी करता येईल का?

येईल, आणि लहान जागेसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. १९०७ ची ही लाइन, गेज ६१० मिमी, साधारण २० किलोमीटर, सर्वांत कडक चढ २० ला १. डबे इवलेसे आणि मोजके, वळणं अगदी आवळ. त्यामुळे २०-२५ सेमीची त्रिज्या इथे शोभूनच दिसते आणि पाचव्या प्रश्नातली चिंता उरत नाही.

९ मिमीच्या रुळावर ओओच्या स्केलने काम करा. ६१० मिमी तिथे ८ मिमी होतं, फरक नजरेत भरत नाही. चढ मात्र २० ला १ ठेवायचा असेल, तर तुमचं इंजिन आणि तीन-चार डबे एका तिरक्या फळीवर आधी चढवून बघा. काही इंजिनं चढतात, काही जागच्या जागी चाकं फिरवतात. बॉयलरच्या पोकळीत थोडं शिसं भरलं की फरक पडतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज यांतलं एकच ठिकाण निवडा. सगळी लाइन करायला गेलात तर नेरळपासून माथेरानपर्यंत एचओमध्येही २३० मीटर रूळ लागेल!

९. जागाच नाही. फार तर एक दीड मीटरची फळी आहे.

मग इंगलनूक करा. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी लोकप्रिय केलेली ही शंटिंगची मांडणी आहे. तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), दोनच पॉइंट. एका साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या काढून पाच ठरवायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी लावायची. अशा गाड्या ६,७२० प्रकारे लागू शकतात. जागा वाढवलीत तर ही कोड्याची गोडी जाते, म्हणून मापं तंतोतंत पाळा. भारतीय रूप द्यायचं तर साखर कारखान्याची किंवा कापसाच्या जिनिंगची साइडिंग घ्या.

१०. प्लाय कोणता घ्यावा? पावसाळ्यात वाकतो का?

वाकतो. माझा पहिला लेआउट साध्या कमर्शियल प्लायचा होता. वरून रंगाचे तीन हात दिले होते, खालची बाजू कोरी. जूनमध्ये सगळं सपाट होतं. ऑगस्टमध्ये गाडी एकाच जागी रुळावरून उतरायला लागली. मी आठवडाभर चाकं तपासत बसलो. शेवटी स्टीलची पट्टी आडवी ठेवली, तर मधोमध तिच्याखाली उजेडच नव्हता आणि दोन्ही टोकांना करंगळी जात होती. फळी फुगली होती.

म्हणून आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, १२ मिमी पुरतो. आयएस ३०३ वाला स्वस्त पडतो, पण आपल्या हवेत तिथे काटकसर नको. वर, खाली आणि विशेषतः कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश द्या. ओल कडेनेच शिरते. खाली पट्ट्यांची चौकट दर ४०-४५ सेमीवर हवी. बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा आणि वाळवीचं औषध सुताराकडून आधीच मारून घ्या.

११. खऱ्या रुळासारखी सांध्यात फट ठेवायची का?

ठेवायची, पण ती रुळापेक्षा लाकडासाठी जास्त. निकेल सिल्व्हरचा ३ मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने साधारण १ मिमी वाढतो. फळी ओलीने त्याहून जास्त हलू शकते. दर मीटरला एका सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट पुरे. वळणावर मात्र सांधे डाख देऊन पक्के करा, नाहीतर तिथे कोपरा पडतो. फटी ठेवल्या की वीज सांध्यावर सोडता येत नाही, म्हणून प्रश्न १२ नक्की वाचा.

१२. डीसी घेऊ की डीसीसी? आणि वायरिंग किती अवघड?

एका वेळी एकच इंजिन चालणार असेल तर साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुष्कळ झाला. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची असतील, म्हणजे घाटात बँकर लावायचाच असेल, तर डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. त्यात रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो.

वायरिंग दोन्हींत सारखंच मनापासून करा. फळीखालून दीड स्क्वेअर मिमीच्या दोन जाड वायरी, एक लाल एक काळी, टोकापासून टोकापर्यंत. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतून बारीक वायरीची जोडणी. सांध्याच्या पत्रीवर भरवसा ठेवू नका, वर्षभरात ती सैल होते आणि काळी पडते. डीसीसी असेल तर झाल्यावर दर हातभर अंतरावर रुळांवर नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशनने (रुळात वीज आणि हुकूम सोडणाऱ्या पेटीने) लगेच वीज तोडायला हवी. जिथे तोडत नाही तिथली वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. ही चाचणी टाळली तर एखाद्या दिवशी घसरलेल्या डब्याचं चाक तापून प्लास्टिक वितळतं.

१३. लहान इंजिन पॉइंटवर येऊन थांबतं. बाकी सगळीकडे छान चालतं.

पॉइंटच्या मध्यावर, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो तुकडा प्लास्टिकचा असेल तर तिथे वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं वीज घेत राहतात, लहानाची नाही. तो भाग धातूचा असलेला पॉइंट घ्या आणि पॉइंट वळला की त्याची वीजही बदलेल असा स्विच लावा. पण आधी चाकं आणि रूळ साफ करून पाहा (प्रश्न १६), निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

१४. गाडी फिरवून परत आणायला गोल वळण दिलं आणि सगळं शॉर्ट झालं.

गाडी ज्या रुळावरून गेली त्याच रुळावर उलटी परत येते, तेव्हा डावा रूळ जाऊन उजव्याला भिडतो. त्रिकोणी जोडणीतही हेच होतं, आणि टर्नटेबलवरही. उपाय: तेवढा तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत फटी देऊन वेगळा करा. डीसीसीमध्ये त्याला ऑटो रिव्हर्सर लावला की गाडी न थांबता जाते. डीसीमध्ये गाडी त्या तुकड्यात थांबवून हाताने स्विच उलटवावा लागतो. एक अट सगळे विसरतात. तो तुकडा तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर दोन्ही टोकांची चाकं एकाच वेळी फटींवर येतात आणि शॉर्ट परत होतो.

१५. खडीसाठी कोकणातली काळी वाळू चालेल का? आणि सह्याद्री सह्याद्रीसारखा कसा दिसेल?

रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते उडून इंजिनाच्या मोटरमध्ये गेले की मोटर संपलीच. शिवाय मीठ रुळाला गंजवतं. आपल्या काळ्या दगडाची भुकटी चांगली, पण तीही कागदावर पसरून चुंबक फिरवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलात तर कण झटकता येतात. मग चहाच्या गाळणीतून चाळा, ब्रशने स्लीपरमध्ये बसवा, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी फवारा आणि फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ थेंबही जाऊ देऊ नका.

डोंगराचं म्हणाल तर टोकदार शिखरं काढू नका. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे. आडवा कडा, मग उताराची पायरी, पुन्हा कडा, आणि माथा बऱ्याचदा सपाट. फोमचे तुकडे असेच आडवे रचा आणि सुरीने उभे कापा. रंग देण्याआधी ऋतू ठरवा. जुलैमध्ये सगळं हिरवं आणि कड्यांवर पाण्याच्या धारा, नोव्हेंबरात तेच गवत सोनेरी, एप्रिलमध्ये करडं. दोन ऋतूंची झाडं एका डोंगरावर आली की कितीही मेहनत करा, ते खोटंच दिसतं.

१६. रूळ कशाने साफ करू?

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी धरते. रूळ साफ केलेत तर त्याच बैठकीत चाकंही करा.

१७. वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासतात. सरळ रुळावर भरपूर जागा आहे.

लांब डबा वळणावर रुळाबरोबर वाकत नाही. त्याचं पोट आत जातं आणि टोकं बाहेर येतात. एलएचबी डब्याखालच्या दोन बोगींच्या (चाकं बसवलेल्या चौकटींच्या) मध्यांतलं अंतर १४.९ मीटर, एचओमध्ये १७१ मिमी. ६० सेमीच्या वळणावर पोट ६ मिमी आत सरकतं आणि टोक ९ मिमी बाहेर येतं. आता दोन रुळांच्या मध्यरेषा ५० मिमी अंतरावर आहेत असं धरा. डब्याची रुंदी ३७ मिमी. बाहेरच्या गाडीचं पोट आणि आतल्या गाडीचं टोक समोरासमोर आलं, की लागणारी जागा ५२ मिमी. दोन मिमी कमी पडले आणि घासलं. वळणावर रूळ ५५ ते ६० मिमीवर न्या.

हीच गोष्ट वळणावरच्या फलाटाची आणि बोगद्याच्या तोंडाची. फलाट आतल्या बाजूला असेल तर पोटासाठी जागा सोडा, बाहेरच्या बाजूला असेल तर टोकांसाठी. फलाट चिकटवण्याआधी सर्वांत लांब डब्याच्या कडेला पेन्सिल बांधा, डबा हाताने ढकलत न्या, आणि पेन्सिलने जी रेघ उमटेल तिच्या बाहेर, दोन मिमी सोडून, फलाटाची कड ठेवा.